वेरावळचा निरोप

कार्मिनच्या गॅब्रिएलला शाळेतून काढायचं जवळजवळ ठरलं, तेव्हा तो चौथीत होता. एक्याऐंशी सालचा पावसाळा संपत आला होता. बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या, पाचूबंदरच्या धक्क्यावर पहाटेचा लिलाव सुरू झाला होता. कार्मिन मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघणार इतक्यात शाळेचा शिपाई बोलवायला आला. टोपली सासूजवळ ठेवून ती तशीच, ओल्या लुगड्याने, शाळेत गेली.

हेडमास्तर चांगला माणूस होता. त्याने तिला खुर्ची पुढे केली. लुगड्याचं पाणी खुर्चीला लागेल म्हणून ती उभीच राहिली.

"बाई, मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण पाटीच्या चौकटीने हाणलंय त्याने. पोराच्या भुवईवर टाके पडले. उद्या डोळा गेला तर त्याच्या आईबापाला मी काय सांगू?"

"कोनी चिडवला काय त्याला, गुरुजी?"

"कुणी नाही हो. मागच्या बाकावर एकाचा डबा खाली पडला. आवाज झाला. हा ताडकन उठला आणि शेजारच्याला हाणलं. का मारलंस विचारलं, तर म्हणतो, ठाऊक नाही."

कार्मिन मान खाली घालून ऐकत राहिली. तिला यात नवीन काही नव्हतं. घरात ताट पडलं तरी तो असाच उसळायचा. झोपेत दात खायचा. भात निवेपर्यंत थांबणं त्याला जमत नसे, रोज तोंड भाजून घ्यायचा आणि रोज ताटावर राग काढायचा. चर्चमध्ये तो बसला की आजूबाजूच्या बाया आपली पोरं उचलून दुसऱ्या बाकावर जायच्या. बंदरातली मुलं त्याला 'शिंगाळा' म्हणत. शिंगाळा हा मासा जाळ्यातून काढताना हात लावला की काटा मारतो.

"मुंबईला मोठ्या सरकारी दवाखान्यात अशा मुलांना तपासणारी डॉक्टरीण आहे," हेडमास्तर म्हणाला. "तिला दाखवा. हा वर्गात बसू शकेल असं ती म्हणाली, तर मी ठेवून घेतो. शब्द देतो. नाहीतर फादरांनी कल्याणच्या पुढे एक जागा बघून ठेवलीय. अशा मुलांचं होस्टेल आहे."

"अशा म्हंजे?"

हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागला.

घरी सासू, मोनकाबाय, दारात बसून मांदेली निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बापाचं रगत हाय ते. निकोलसला तरी कुठं दम व्हता? भात शिजायच्या आधी टोपात हात."

"मंग त्याला का नाय काढला शालेतून?"

"तो गेलाच नाय शालेत. काढनार कुठून?"

दोघी हसल्या, आणि लगेच गप्प झाल्या. निकोलसचं नाव निघालं की त्या घरात हसणं फार वेळ टिकत नसे.

निकोलस ऑगस्टीन नाखव्याच्या बोटीवर खलाशी होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कार्मिनला सातवा लागलेला, दिवाळीचे दिवस, आणि बोट वादळात सापडली. जाळ्याचा दोर खाली कशात तरी अडकून बसला. ऑगस्टीन ओरडला, "काप दोर! जाऊ दे जालं!" निकोलसला तेवढाही दम धरवला नाही. तो दोर सोडवायला पाण्यात उतरला आणि वर आला नाही. त्याचं प्रेतही कुणाला सापडलं नाही.

बोट धक्क्याला लागली तेव्हा कार्मिन घरामागे वाकळ उन्हात टाकत होती. ऑगस्टीन आधी मोनकाबायकडे गेला. तिने ऐकलं, ओरडायला तोंड उघडलं, आणि आपणच आपला पदर तोंडात कोंबला. मग पदर काढून म्हणाली, "तिला सांगायचं नाय. पोट मोकलं होईपरेंत कोनीच सांगायचं नाय."

बंदरातल्या जुन्या बायांची ती रीतच होती. पोटुशीला मरणाची बातमी द्यायची नाही, धसक्याने पोर जातं. रीत मायेचीच होती. आजवर ती लांबच्या एखाद्या मामा-मावशीच्या मरणापुरती, चार-आठ दिवस पाळली गेली होती. या वेळी मेलेला माणूस तिचा नवरा होता, आणि बाळंतपण लांब होतं. हा फरक त्या घाईत कुणाच्या लक्षात आला नाही. आला असेल तर कुणी बोललं नाही.

ऑगस्टीनने येऊन तिला सांगितलं की बोटीची फळी फुटली, निकोलस गुजरातकडच्या एका बोटीवर चढला, आता वेरावळला आहे. तिथेच काम धरलंय. नाताळला येईल. "निरोप दिलाय त्याने. म्हनला, नीट जेव म्हनून सांग."

सगळ्या बंदराने तो निरोप सांभाळला. फादरांनी मेलेल्याची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, पुढे ढकलली. चर्चची मरणाची घंटा वाजली नाही. कुणी काळं नेसलं नाही. मोनकाबाय रडायला बंदराशेजारच्या किल्ल्याच्या भिंतीमागे जायची आणि तोंड धुऊन परत यायची. सुनेसमोर ती पोराला मुद्दाम शिव्या घालायची, "तिकडं मजा मारतोय, बायकोची आठवन नाय मेल्याला." एकदा तो 'मेल्याला' तिचा तिलाच ऐकू आला आणि ती हातातली विळी घेऊन तशीच उभी राहिली.

तोंडं सगळ्यांनी सांभाळली, पण वागणं कुणाला सांभाळता येईना. लिलावात कार्मिनशी कुणी घासाघीस करेना. एरवी एका पापलेटासाठी हात धरून भांडणाऱ्या बाया तिच्या टोपलीत न मागता मासळी टाकू लागल्या. नळावर ती आली की हसणं थांबायचं आणि तिला पहिला नंबर मिळायचा. शेजारच्या रोझलीनला तिने एकदा विचारलंही, "मला काय झालंय ग? सगल्या मला आजाऱ्यावानी का बघतात?"

"तू पोटुशी ना," रोझलीन म्हणाली, आणि हंडा अर्धाच भरून निघून गेली.

कार्मिनला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं. बातमी कळली असती तर ती कोसळली असती, ऊर बडवला असता, आणि मग कधीतरी थकून झोपली असती. न कळलेल्या बातमीला तेवढीही विश्रांती नव्हती. खाडीत बोटीचं मशीन वाजलं की ती धक्क्यावर. छाती धडधडायची, पोट दगडासारखं व्हायचं, आतलं पोर आकसून एका कुशीला जायचं. बोट जवळ यायची, दुसऱ्याच कुणाची असायची. मग पोर लाथा झाडायचं. दिवसातून किती बोटी येत, तितक्या वेळा हे व्हायचं.

नाताळच्या आधीच पोर झालं. दिवस भरले नव्हते. मुठीएवढं, माकडाच्या पिलासारखं. कार्मिन थकून हसली होती, "बापाआधी हाच आला." घाईघाईने बाप्तिस्मा उरकला, आणि मग मोनकाबायने तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निकोलससाठी घंटा वाजली. कार्मिन रडली नाही. तिचं दूध आटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली ती जवळजवळ वर्षभर. ते वर्ष तिला आजही नीट आठवत नाही. गॅब्रिएल बकरीच्या दुधावर वाढला. तो रांगू लागला तेव्हा मोनकाबाय बाजाराला जाताना त्याच्या कमरेला जाळ्याचा दोर बांधून तो खाटेच्या पायाला अडकवायची. धक्का हाकेच्या अंतरावर होता, पोर पाण्यात जाईल ही भीती होती, आणि खाटेवर पडलेल्या आईचं लक्ष कशातच नव्हतं. रडून रडून तो गप्प व्हायचा. शेजारणी म्हणायच्या, शहाणं पोर आहे.

मुंबईच्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने लहानच होती. तिच्या टेबलावर लाकडी ठोकळे होते. गॅब्रिएलने त्यातले दोन खिडकीवर फेकले आणि टेबलाखाली जाऊन बसला. ती रागावली नाही. तिसरा ठोकळा तिने आपणच खाली सरकवून दिला. मग कार्मिनला विचारलं, "हा पोटात होता तेव्हा तुम्ही कशा होता?"

"कशी म्हंजे? पोटुशी व्हती."

"तसं नाही. घरात काही झालं होतं? कसली भीती, काही दुःख?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, वेरावळसकट. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली आणि नुसती ऐकत राहिली.

"याला वेड लागलेलं नाही," शेवटी ती म्हणाली. "आणि हा वाईटही नाही. आई घाबरलेली असली की तिच्या रक्तात काही द्रव्यं सुटतात. ती बाळापर्यंत पोचतात. एकदा-दोनदा झालं तर काही बिघडत नाही. पण दिवसचे दिवस होत राहिलं, तर बाळाचा मेंदू घडतानाच असं धरून चालतो की बाहेर धोका आहे. मग जन्मल्यावर कुशीत घेऊन शांत करणारं कुणीतरी लागतं, आणि ते पहिलं वर्ष..." ती अडखळली. "थोडा बापाचा उतावळेपणाही आला असेल. कशाचं किती, ते नक्की सांगता येत नाही. आम्हालाही यातलं अजून अर्धंच कळतं."

कार्मिनला द्रव्यं कळली नाहीत, बाकीचं कळलं. वाऱ्याच्या रात्री खलाशी नांगराच्या दोरावर हात ठेवून झोपतो. दोर जरा ताणला की डोळे उघडायच्या आधी तो उठलेला असतो. तिचं पोर जन्मापासून तसंच झोपत होतं.

"म्हंजे माझ्यामुलं."

"मी तसं म्हटलं नाही."

"पन पोट माझंच ना?"

डॉक्टरणीने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग तिने एकेक गोष्ट सावकाश सांगितली. सकाळी डोळे उघडले की रोज तेच माणूस त्याच्या समोर हवं. मारायचं नाही, ओरडायचं नाही. मोठा आवाज होणार असेल तर आधी सांगायचं. खोटं बोलून, फसवून कुठे न्यायचं नाही. असं एक-दोन वर्षं केलं तर फरक पडेल. शाळेसाठी तिने चिठ्ठी दिली, मुलाला वर्गात ठेवा म्हणून.

घरी मोनकाबाय आणि ऑगस्टीन वाट बघत ओट्यावर बसले होते.

"काय म्हनली डॉक्टरीन?"

कार्मिनने चपला काढल्या. गॅब्रिएल आत जाईपर्यंत थांबली. "म्हनली, वेरावळचा निरोप यानं पोटात ऐकला."

मोनकाबाय म्हणाली, "तुला वाचवाया केलं बाय आमी."

"ठाऊक हाय, आये."

"सांगितलं असतं न पोर पडलं असतं तर?"

"ते पन ठाऊक हाय."

ऑगस्टीन उठला आणि चहा न घेता गेला. कार्मिनने सासूला दोष दिला नाही. तिला तो देता आला असता तर बरं झालं असतं. पण कुणी वाईट वागलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने लिलावाला जायचं बंद केलं. पहाटे मोनकाबाय जायची, त्या वयात, आणि कार्मिन खाटेजवळ बसून राहायची. गॅब्रिएल डोळे उघडायचा तेव्हा ती समोर असायची. मग ती उशिरा बाजार गाठायची. तोवर तिच्या जागेवर दुसरीच कुणी बसलेली असायची. "आली बघ मडमीन, उन्हं डोक्यावर घेऊन!" बाया टोमणे मारायच्या. ती कोपऱ्यात, गटाराजवळ टोपली मांडायची. हेडमास्तरने शब्द पाळला. गॅब्रिएलला भिंतीकडेला बसवलं, अर्धा दिवसच ठेवलं, डबे आपटायचे नाहीत म्हणून वर्गाला दम भरला.

फरक पडला. फार नाही, पण पडला. दात खाणं कमी झालं. मिस्सेला तो प्रवचनापर्यंत बसू लागला. एका सकाळी कार्मिनने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि तो पेला दोन्ही हातांत धरून फुंकर घालत बसला. फुंकर घालायचा, बोट लावून बघायचा, पुन्हा फुंकर घालायचा. कार्मिन दबक्या पावलांनी मागच्या दारी गेली आणि सासूला हाताला धरून घेऊन आली. दोघी दाराआडून बघत राहिल्या.

ईस्टरआधीच्या उपासकाळात मोनकाबाय धक्क्याच्या शेवाळावर टोपलीसकट पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही.

आता लिलावाला जाणारं दुसरं कुणी नव्हतं. कार्मिनने आदल्या दिवशी गॅब्रिएलला समजावलं, "उद्या उठशील तवा मी नसेन. धक्क्यावर असेन. आजी असेल." त्याने मान हलवली. पण सकाळी जाग आल्यावर समोर रिकामी जागा दिसली आणि त्याने हंडे फेकले, खाटेवरच्या आजीला हलता येत नाही हे बघून अजूनच भ्याला. शेजाऱ्यांनी धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. रोझलीनने एक-दोनदा येऊन बसून पाहिलं, तो तिला चावला. महिन्याभरात दात खाणं परत आलं, चहाने तोंड भाजणं परत आलं. डॉक्टरणीकडे जाऊन तिने विचारलं असतं, पण तिथे नेमाने जायचं तर बाजार बुडायचा, आणि खाटेवरच्या बाईला पाणी कोण देणार?

मे महिन्यात रोझलीनची धाकटी, चार वर्षांची, खेळता खेळता गॅब्रिएलच्या मागे आली आणि तिने पत्र्याच्या डब्यावर काठी मारली. तो वळला आणि त्याने ढकलली. ती धक्क्यावरून खाली, ओहोटीत खाली टेकलेल्या बोटीच्या काठावर पडली. जिवाला काही झालं नाही. कोपर मात्र कायमचं वाकडं झालं. तिच्यामागे सगळ्यांत आधी उडी गॅब्रिएलनेच मारली होती आणि तिला उचलून वर दिली होती. बघणाऱ्यांनी ते सांगितलंसुद्धा. कुणी ऐकून घेतलं नाही.

रोझलीन भांडायला आली नाही. ती दारात उभी राहिली. "कार्मिन, माझ्या पोरी त्याच धक्क्यावर खेलनार. दुसरी जागा नाय त्यांना. तूच सांग, मी काय करू?"

कार्मिनने पाट पुढे सरकवला, पण रोझलीन बसली नाही.

ऑगस्टीन म्हणाला, "माझ्या बोटीवर घेतो त्याला. माझ्याकडं ऱ्हाईल." आणि मग स्वतःच खाली बघत म्हणाला, "पन मशीन चालू झालं की काय करंल ग तो? बोटीवरनं पलायला पान्याबिगर जागा नसते." त्याच्या मनात कोण आलं होतं, हे दोघांनाही कळलं. तो विषय तिथेच संपला.

कल्याणच्या पुढचं होस्टेल स्वच्छ होतं. भिंतींना चुना होता, अंगणात रांगेने लावलेली तगर होती. तिथल्या साहेबांनी कार्मिनला बाजूला घेतलं. "त्याला काही सांगू नका. खाऊ घेऊन येते म्हणा आणि मागच्या दाराने निघा. सगळ्या आया तसंच करतात. रडतं थोडा वेळ, मग विसरतं."

"नाय," कार्मिन म्हणाली. "याच्याशी नाय खोटं बोलायचं."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याचे दोन्ही हात धरले. "गॅबू, मी तुला इथं ठेवून जानार हाय. आज परत नाय येनार. महिन्याच्या शेवटच्या आयतवारी येईन. नक्की येईन."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, त्याला समजलं. मग त्याने तिच्या मनगटाला दात लावले आणि दोन्ही पायांनी तिच्या कमरेला मिठी घातली. "आये, मी नाय मारनार! आये, कोनाला नाय मारनार!" दोन माणसांनी त्याला सोडवला. एकेक बोट उकलावं लागलं. ओरडणं फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

"बघा," साहेब म्हणाले, "सांगितलं होतं ना."

शेवटच्या रविवारी ती गेली. डब्यात तळलेले बोंबील होते. साहेब हसून सामोरे आले. "पहिले काही दिवस फार त्रास दिला. आता बघाल तर ओळखणार नाही. अगदी सुधारला."

गॅब्रिएल बाकावर बसला होता. केस बारीक कापलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. ती आली तरी तो उठला नाही. तिने जवळ बसून डोक्यावरून हात फिरवला. त्याने फिरवू दिला. एरवी असा हात त्याने सरळ झिडकारला असता. तिने डबा उघडला. त्याने बोंबलाकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. त्या माणसाने मान हलवली, तेव्हा एक उचलला आणि सावकाश चावू लागला.

"बरा हायस ना, गॅबू?"

"हो."

"जेवाया देतात?"

"हो."

"मारतात काय रे कोनी?"

त्याने दाराकडे बघितलं. "नाही."

त्याचा तो 'नाही' घरचा नव्हता, शिकवलेला होता. कार्मिनने आपलं मनगट त्याच्या मांडीवर ठेवलं, दातांचे वण वर करून. तो काहीतरी करेल, ढकलेल, ओरडेल, निदान रागाने बघेल, म्हणून ती वाट बघत बसली. त्याने दुसरा बोंबील घेण्याआधी पुन्हा दाराकडे बघितलं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तो न सांगता उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

पाचूबंदरला ती पोचली तेव्हा मोनकाबाय खाटेवर तोंड दाराकडे करून पडली होती.

"कसा हाय ग पोर?"

कार्मिनने रिकामा डबा मोरीत ठेवला.

"गप बसतो," ती म्हणाली.